हातातून सुटताच डावीकडे कलंडणारे विमान: कारण कसे शोधावे

रेडिओ-नियंत्रित विमान नव्याने उडवू लागलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते. मित्राने विमान हातातून फेकले, मोटर पूर्ण जोरात होती, विमान दोन-चार मीटर सरळ गेले, मग त्याचा डावा पंख खाली गेला, ट्रान्समीटरची स्टिक उजवीकडे पूर्ण दाबूनही ते सावरले नाही आणि नाक जमिनीत घुसले. घरी जाऊन विमान चिकटवायचे, ट्रिम (स्टिक मध्यावर असताना विमान सरळ उडावे यासाठीचे बारीक समायोजन) आणखी थोडे उजवीकडे सरकवायचे आणि पुढच्या रविवारी तेच पुन्हा पाहायचे, असे महिनोन्महिने चालते. कित्येक जण याच टप्प्यावर विमान माळ्यावर टाकून देतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण हा दोष शोधता येण्यासारखा आहे आणि बहुतेक वेळा एका सकाळी दूर होतो.

माझे म्हणणे एका वाक्यात असे की हे विमान डावीकडे जाते म्हणून पडत नाही, ते संथ असते म्हणून डावीकडे जाते. त्यामुळे ट्रिमला हात लावण्यापूर्वी विमानाचा वेग, त्याचे संतुलन आणि फेकण्याची पद्धत या तीन गोष्टी तपासाव्यात. नाशिकच्या पश्चिमेकडील एका पडीक माळावर, शेतमालकाच्या परवानगीने, आम्ही काही जण रविवारी पहाटे जमतो. तिथे गेल्या हिवाळ्यात अभियांत्रिकीला शिकणारा एक मुलगा पाच वेळा पडलेले विमान घेऊन आला आणि त्याने विचारले, “काका, मोटरचा टॉर्क एवढा असतो का?” टॉर्क म्हणजे मोटर पंखा फिरवते तेव्हा विमानाला बसणारा उलटा पीळ. त्याच्या विमानाची तपासणी ज्या क्रमाने केली, साधारण त्याच क्रमाने पुढे लिहीत आहे.

वेगाचा हिशेब

नवशिक्याचे विमान बहुधा असे असते: सनबोर्डचे किंवा फोमचे, वरच्या बाजूला पंख, पंखांचा विस्तार १.२ मीटर, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, २२१२ आकाराची १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला सुमारे १००० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, दहा इंची प्रॉप (प्रोपेलर), तीन सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि एकूण वजन १ किलोच्या आसपास. अशा विमानाचा स्टॉल होण्याचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख वजन पेलू शकत नाही तो वेग, समुद्रसपाटीला ताशी २८ किलोमीटरच्या जवळपास येतो. हाताने फेकलेले १ किलोचे विमान साधारण ताशी २५ ते २८ किलोमीटर वेगाने सुटते. याचा अर्थ असा की ते हातातून सुटते त्या क्षणी स्टॉलच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्याही खाली असते, आणि मोटरला त्याला तिथून वर काढायला साधारण अर्धा सेकंद लागतो. सगळे नुकसान त्या अर्ध्या सेकंदात होते.

नाशिकला हा उंबरठा आणखी वर सरकतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते, आणि त्यामुळे वरच्या विमानाचा स्टॉलचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या पलीकडे जातो. त्याच विरळ हवेत प्रॉपचा ओढाही कमी पडतो. मुंबईला समुद्राकाठी सहज उडणारे विमान घेऊन आलेला पाहुणा इथे दुपारी दोनदा पडतो आणि विमानातल्या रेडिओ रिसीव्हरला दोष देतो, याचे कारण हे आहे. जानेवारीत पहाटे दहा अंश तापमान असताना हीच हवा मे महिन्यातील दुपारच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के घट्ट असते. म्हणून नवशिक्याने पहिली उड्डाणे हिवाळ्यात, सूर्य वर येण्याआधी करावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

वजनाचेही असेच आहे. दुरुस्तीचा गोंद, जादा टेप, मोठी बॅटरी आणि कॅमेरा मिळून २०० ग्रॅम वाढले तर स्टॉलचा वेग साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. पहिल्या उड्डाणाला कॅमेरा लावू नये.

उजवीकडे दाबलेली स्टिकच विमान पाडते

आता डाव्या बाजूकडे वळू. नाकावर मोटर असलेल्या आणि मागून पाहिल्यास प्रॉप घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या विमानात मोटरची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. त्या मुलाच्या प्रश्नातला टॉर्क तो हाच. माझ्या हिशेबाने वरच्या विमानात पूर्ण थ्रॉटलला (मोटर पूर्ण जोरात असताना) हा जोर डाव्या पंखाच्या टोकाला २० ते २५ ग्रॅम वजन टांगल्याइतका, म्हणजे रुपयाची पाच-सहा नाणी चिकटवल्याइतका असतो. वेगात असलेल्या विमानाला हे ओझे कळतही नाही, कारण एलेरॉनवरून, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या काठावरील हलत्या पट्ट्यांवरून, जाणारी हवा ते सहज पेलते. संथ विमानात मात्र एलेरॉनवर पुरेशी हवा नसते आणि तेवढेच ओझे पुरेसे ठरते.

पुढचा भाग नवशिक्याला सर्वांत उशिरा कळतो, म्हणून तो सावकाश सांगतो. डावा पंख खाली गेला की आपण स्वाभाविकपणे स्टिक उजवीकडे दाबतो. त्यामुळे डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो. खाली गेलेला एलेरॉन त्या पंखाचा हवेशी होणारा कोन वाढवतो, आणि पंख आधीच स्टॉलच्या काठावर असेल तर वाढलेला कोन त्याला उचलण्याऐवजी पूर्ण स्टॉल करतो. शिवाय त्या बाजूचा अवरोध वाढल्यामुळे नाकही डावीकडे खेचले जाते. म्हणजे उजवीकडे दाबलेली स्टिक विमानाला डावीकडेच पाडते. जमिनीवरून पाहणाऱ्याला वाटते की एलेरॉन चालले नाहीत किंवा रेडिओचा संपर्क तुटला, आणि तो नवा रिसीव्हर विकत घेतो. प्रत्यक्षात रेडिओने सांगितलेले काम चोख केलेले असते.

अशा वेळी एलिव्हेटरवरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीवरचा) हात सैल सोडून नाक किंचित खाली येऊ द्यावे आणि उजवा रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) द्यावा. मीटरभर उंची गमावली तरी चालते, कारण तिच्या बदल्यात वेग मिळतो, आणि वेग आला की एलेरॉन पुन्हा आपले ऐकतात. जमीन जवळ दिसत असताना नाक खाली जाऊ देण्याचे धैर्य पहिल्या दिवशी होत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच दोष फेकण्यापूर्वी काढून टाकणे श्रेयस्कर.

प्रॉप काढून घसरणीची चाचणी

घसरण म्हणजे मोटरशिवाय विमानाचे हवेत तरंगत खाली येणे. या एका चाचणीने निम्मी उत्तरे मिळतात, तरीही फार थोडे जण ती करतात. प्रॉप काढून ठेवावा आणि त्याच्या वजनाइतकी, साधारण दहा ग्रॅमची, मातीची गोळी किंवा नट मोटरजवळ टेपने चिकटवावा, म्हणजे संतुलन बदलणार नाही. ट्रान्समीटर आणि बॅटरी चालू ठेवून सर्व ट्रिम मध्यावर आणावेत, आणि एलेरॉन व एलिव्हेटर पंखाच्या आणि शेपटीच्या पृष्ठाशी सरळ रेषेत येतील असे त्यांना हलवणाऱ्या दांड्यांवरचे पेच फिरवावेत. मग गुडघाभर वाळलेल्या गवताच्या जागी, वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून विमान सरळ आणि जोराने सोडावे.

मोटर बंद असताना विमान सरळ घसरत गवतात उतरले, तर पंख, ट्रिम आणि बाजूंचे वजन ठीक आहे. दोष मोटर, तिचा कोन किंवा फेक यांपैकी कशात तरी आहे. मोटर बंद असतानाही ते डावीकडे गेले, तर दोष विमानाच्या अंगात आहे. नाक आधी वर उचलले, मग ते थबकले आणि खाली कोसळले, तर गुरुत्वमध्य (विमान जिथे तोलले जाते तो बिंदू) मागे आहे किंवा एलिव्हेटर वर आहे.

त्या मुलाचे विमान पहिल्या घसरणीत चक्क उजवीकडे गेले. पाच अपघातांनंतर पाच वेळा सरकवलेले ट्रिम एलेरॉनच्या दांड्यांतच कायम करून ठेवलेले होते, त्यामुळे ट्रान्समीटरवर ट्रिम मध्यावर दिसत असूनही उजवा एलेरॉन तीन मिलिमीटर वर उभा होता. तो सरळ केल्यावर विमान बाजूला जाईना, पण नाक उचलून थबकू लागले. आजाराचे खरे नाव तिथे कळले.

गुरुत्वमध्य

अशा ट्रेनर विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या काठापासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा, म्हणजे २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला ५ ते ६.५ सेंटिमीटरवर. बॅटरी बसवून, पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या खुणेवर बोट ठेवून विमान उचलावे. ते आडवे राहिले किंवा नाकाकडे किंचित झुकले तर योग्य. नाक जड असलेले विमान आळशी उडते, पण उडते. शेपूट जड असलेले विमान प्रत्येक झुळकीला नाक वर करते, वेग गमावते आणि स्टॉल होते.

त्या मुलाचे विमान ८ सेंटिमीटरवर तोलले जात होते. नवे असताना ते बरोबर होते, पण प्रत्येक अपघातानंतर शेपटीची दुरुस्ती हॉट ग्लूने झाली होती आणि तिथे मिळून २५ ग्रॅम गोंद साठला होता. गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटर मागे ठेवलेले २५ ग्रॅम एक किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य दीड सेंटिमीटर मागे नेतात. म्हणजे पहिला अपघात कशानेही झालेला असो, पुढचे अपघात दुरुस्तीने घडवले होते. शेपटीवरचा सुमारे १५ ग्रॅम गोंद आम्ही पातीने खरवडून काढला आणि १८० ग्रॅमची बॅटरी ६ सेंटिमीटर पुढे सरकवली. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटरवर आला, आणि पुढची घसरण बारा पावले सरळ झाली.

मोटर बंद ठेवूनही विमान एकाच बाजूला जात असेल तर पंख पाहावा. विमानामागे तीन-चार मीटरवर उभे राहून, एक डोळा मिटून, दोन्ही पंखांचे मागचे काठ सारखे दिसतात का ते तपासावे. बंद मोटारगाडीत उन्हात ठेवलेला फोमचा पंख पिळवटतो, आणि एप्रिलमध्ये नाशिकच्या उन्हात त्याला तासभरही लागत नाही. वेग वाढला की असा दोष वाढतो, स्टॉलचा दोष वेग वाढला की नाहीसा होतो. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवावा. बाजूंचे वजन पाहायचे तर मोटरचा दांडा आणि शेपटीचे उभे पाते धरून विमान उचलावे आणि जो पंख वर जाईल त्याच्या टोकाला एखादे नाणे चिकटवावे.

मोटर, तिचा कोन आणि प्रॉप

घसरण सरळ असूनही मोटर चालू करताच विमान डावीकडे ओढले जात असेल, तर मोटर कुठे पाहते ते बघावे. टॉर्क आणि प्रॉपचा पिळवटलेला वारा यांच्यासाठी मोटर दोन-तीन अंश उजवीकडे आणि तितकीच खाली रोखलेली असते. हॉट ग्लूने चिकटवलेली मोटरची पाटी उन्हात आणि मोटरच्या उष्णतेने मऊ होते, आणि नाकावर एक आपट बसली की कोन बदलून तशीच घट्ट होते. बोटाने हलवली तर पक्की वाटते, म्हणून कोणी तिच्यावर संशय घेत नाही. त्या मुलाच्या विमानात ती किंचित डावीकडे वळलेली निघाली. अशी पाटी प्लायवूडची करून स्क्रूने बसवावी. ग्लूवर विसंबू नये.

प्रॉप उलटा बसवणे ही नवशिक्याची अत्यंत सामान्य चूक आहे. ज्या बाजूला आकडे छापलेले असतात ती बाजू विमानाच्या जाण्याच्या दिशेला हवी. उलटा बसलेला प्रॉपही विमान पुढेच ओढतो, पण बराच कमी ओढतो, त्यामुळे आवाज पूर्ण आणि वेग अपुरा अशी फसवणूक होते. ईएससीला (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटला) थ्रॉटलची पूर्ण मर्यादा शिकवलेली नसेल तरी असेच होते. थंडीत बॅटरीकडेही पाहावे. निफाडला पारा पाच अंशांजवळ उतरतो अशा पहाटे गार पडलेली लिपो जोर लागताच व्होल्टेज टाकते, म्हणून उड्डाणापर्यंत ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरलेला आहे याची खात्री करावी.

एलेरॉनची दिशा प्रत्येक वेळी तपासावी: स्टिक उजवीकडे गेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. रिसीव्हरमध्ये स्थैर्यासाठी जायरो (विमानाचे कलणे ओळखून ते आपोआप सावरणारा सेन्सर) असेल तर दुसरी चाचणीही करावी, म्हणजे हाताने डावा पंख झटकन खाली केला असता डावा एलेरॉन खाली जायला हवा. ही दिशा उलटी असेल तर जायरो प्रत्येक कलण्यात भर घालतो आणि विमान हातातून सुटताच पालथे होते. स्टिकची दिशा बरोबर असूनही जायरोची उलटी असू शकते, हे अनेकांना माहीत नसते.

फेक

उजव्या हाताने क्रिकेटच्या चेंडूसारखे फेकले की सुटताना मनगट आतल्या बाजूला वळते आणि त्याबरोबर विमान डावीकडे कलते. टॉर्कही त्याच दिशेचा असल्याने दोन्हींची बेरीज होते. म्हणून भाला सोडतात तसे, मनगट न वळवता, सरळ पुढे ढकलत सोडावे. पकड गुरुत्वमध्याखाली असावी. मागे धरले तर सुटताना नाक सरळ राहत नाही. विमानाचे नाक क्षितिजाच्या किंचित वर असावे. आकाशाकडे तोंड करून फेकलेले विमान आपला सगळा वेग चढण्यातच घालवते.

थ्रॉटल पूर्ण न ठेवता तीन चतुर्थांश ठेवावा. ओढा पुरेसा मिळतो आणि टॉर्क कमी राहतो. फेकणारा आणि उडवणारा वेगवेगळे असावेत, आणि उडवणाऱ्याचे अंगठे फेकण्यापूर्वीपासून दोन्ही स्टिकवर असावेत. मोबाइलवर बाजूने संथ चित्रण करून ठेवावे. आम्ही त्या मुलाचे जुने चित्रण पाहिले तेव्हा एलिव्हेटर पहिल्याच क्षणापासून वर ओढलेला स्पष्ट दिसत होता. तो आपण ओढला होता हे त्याला आठवतही नव्हते. भीतीने अंगठा मागे येतो आणि ते आपल्याला कळत नाही.

वाऱ्याकडे तोंड करूनच फेकावे. समोरून ताशी दहा किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग फुकट मिळतो; पाठीमागून असेल तर तेवढाच वजा होतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात इथला वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो, पण डोंगराच्या आडोशाला तो फिरतो, म्हणून चिमूटभर वाळलेले गवत उडवून पाहावे. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर वावटळी उठू लागतात, त्या वेळी नवशिक्याने विमान जमिनीवर ठेवावे. द्राक्षबागांच्या मांडवाच्या तारा हवेतून दिसत नाहीत आणि संक्रांतीच्या आगेमागे मांजा दिसत नाही, तेव्हा जागा आणि आठवडा दोन्ही विचार करून निवडावेत.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. नाशिकभोवती ओझरचा विमान कारखाना आणि विमानतळ, गांधीनगरचे भूदलाचे विमान प्रशिक्षण केंद्र आणि देवळालीचा तोफखाना आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग आहेत, आणि सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर आपला माळ कोणत्या विभागात येतो ते आधी पाहावे. हिरव्या विभागातही उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. शिकण्यासाठी त्याच्या निम्मी उंचीही पुरते.

त्या मुलाच्या विमानाची पाटी त्याच सकाळी स्क्रूने बसवली, प्रॉप लावला आणि आठच्या सुमारास मी फेकले. विमान सुटल्यावर हातभर खाली आले, त्याने अंगठा मागे आणला नाही, आणि ते सरळ पुढे जाऊन आपणहून चढू लागले. वीस मीटर उंची होईपर्यंत वळायचे नाही असे ठरले होते. वर गेल्यावर, अर्ध्या थ्रॉटलला, सरळ उडत असताना त्याने ट्रिमचे दोन टप्पे उजवीकडे दिले. ट्रिम लावण्याची योग्य जागा तीच. उतरल्यावर त्याने पंखाखाली ६ सेंटिमीटरवर न पुसणाऱ्या शाईने दोन ठिपके काढले, आणि आता प्रत्येक दुरुस्तीनंतर तो आधी त्या ठिपक्यांवर विमान तोलून पाहतो.